कशाच्या तुलनेत, आणि कागद कुठवर आलाय?

१२ नोव्हेंबर २०२५ ला आकडा जाहीर झाला: ऑक्टोबरची किरकोळ महागाई ०.२५ टक्के. २०१२ हे आधार वर्ष (ज्या वर्षाच्या किमती शंभर धरून पुढचं मोजतात ते) धरलेली मालिका सुरू झाल्यापासूनचा नीचांक. त्या संध्याकाळी पिशवी घेऊन मंडईत उभ्या असलेल्या माणसाला स्वस्ताई आल्यासारखं काही वाटलं नसणार. मग ‘सरकारी आकडे असेच असतात’ म्हणून विषय मिटवला जातो. तो तिथे मिटवू नये. आकडा बरोबर होता, मंडईतल्या माणसाची तक्रारही बरोबर होती, आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर कसे, हे एकदा कळलं की पुढच्या निम्म्या आर्थिक बातम्या आपोआप उलगडायला लागतात.

बातमी वाचताना दोन प्रश्न हाताशी ठेवले तर पुरतात. बातमीत आकडा असेल तर: कशाच्या तुलनेत? निर्णय असेल तर: कागद कुठवर आलाय?

शंभराची भाजी

ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांची महागाई ४२.१८ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती उणे २७.५७ टक्के झाली. मथळा अर्थातच ‘भाज्या २७ टक्क्यांनी स्वस्त’. आता हिशोब मांडू. ऑक्टोबर २०२३ मध्ये शंभर रुपयांना येणारी भाजी वर्षभरानं १४२ रुपये १८ पैशांना मिळत होती. त्यातून २७.५७ टक्के उतरवले की राहतात १०२ रुपये ९८ पैसे. दोन वर्षांच्या अंतरानं पाहिलं तर भाजी जवळपास तीन टक्के महागच आहे. मधल्या वर्षी जी चढली होती ती खाली आली, एवढाच त्या ‘२७ टक्के स्वस्त’चा अर्थ. बेस इफेक्ट म्हणतात तो हाच: भागाकारातला खालचा आकडा मोठा असला की उत्तर लहान येतं.

म्हणून महागाईचा दर फार वर किंवा फार खाली दिसला की गेल्या वर्षी त्याच महिन्यात तो किती होता ते आधी शोधायचं. मंत्रालयाच्या पत्रकात मागल्या वर्षाचा निर्देशांक शेजारच्याच रकान्यात असतो. ऑक्टोबर २०२४ ची एकूण महागाई ६.२१ टक्के होती. तेवढ्या उंच ओट्यावरून मोजल्यावर २०२५ चा आकडा बुटका दिसणारच. याच्या उलटही घडतं. नीचांकाच्या पुढच्या वर्षी, त्याच महिन्यात, भाव विशेष हलले नाहीत तरी ‘महागाईचा भडका’ छापून येऊ शकतो.

आणखी एक गफलत नेहमीची. महागाईचा दर सहावरून चारवर आला, तर किमती खाली आल्या असं नव्हे. त्या अजून चढतच आहेत, फक्त चढण्याचा वेग कमी झालाय. किमती खरोखर उतरायला दर उणे व्हावा लागतो.

दुसरा भाग वजनांचा. निर्देशांकात प्रत्येक गटाला वजन असतं. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांना ४५.८६, घरभाड्याला १०.०७, इंधन-दिव्याला ६.८४ आणि शाळा, दवाखाना, प्रवास, मोबाइल वगैरे सगळं मिळून ज्या ‘संकीर्ण’ गटात येतं त्याला २८.३२. ही वजनं २०११-१२ च्या घरखर्च पाहणीतून आलेली. २०२३-२४ च्या पाहणीत खेड्यातल्या कुटुंबाच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा ४७ टक्के आणि शहरात ४० टक्क्यांच्या आसपास निघाला, तर २०११-१२ मध्ये तो अनुक्रमे ५३ आणि ४३ टक्क्यांच्या जवळ होता. कुटुंबं बदलली, वजनं तीच राहिली. त्यामुळे भाजी-डाळ उतरली की एकूण आकडा गरजेपेक्षा जास्त खाली खेचला जायचा. २०२६ मध्ये आलेल्या, २०२४ आधार वर्षाच्या नव्या मालिकेत अन्नाचं वजन कमी केलंय. नव्या मालिकेतला निर्देशांक जुन्या मालिकेतल्या निर्देशांकाशी थेट भागू नका. दोन्ही जोडायला वेगळा गुणक असतो, आणि बातमीत तो सहसा विसरलेला असतो.

घरच्या घरी करून बघा. समजा एका कुटुंबाच्या खर्चात किराणा-भाजी ३० टक्के, भाडं ३० टक्के आणि शाळा-औषधं-प्रवास ४० टक्के. पहिला गट २ टक्क्यांनी उतरला, दुसरा ५ नं चढला, तिसरा ९ नं. गुणाकार करून बेरीज: उणे ०.६, अधिक १.५, अधिक ३.६. या घराची महागाई साडेचार टक्के. त्याच वेळी खर्चातला ६० टक्के भाग खाण्यावर जाणाऱ्या आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची: उणे १.२, अधिक ३.६, म्हणजे २.४. देशाचा आकडा या सगळ्यांची सरासरी आहे. तो कुठल्याही एका घराचा नसतो.

शिवाय ‘महागाई’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळे आकडे फिरतात. महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास सांख्यिकी मंत्रालय देतं तो किरकोळ महागाईचा. रिझर्व्ह बँक बघते तो हा. १४ च्या सुमारास येतो घाऊक निर्देशांक, उद्योग खात्याच्या आर्थिक सल्लागाराकडून. त्यात कारखानी मालाचं वजन ६४.२३ आहे आणि सेवा अजिबात नाहीत, म्हणजे शाळेची फी, डॉक्टरची फी, रिक्षाचं भाडं त्यात शोधू नये. तिसरा औद्योगिक कामगारांचा, श्रम ब्युरोचा. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता या तिसऱ्याच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. ‘महागाई पाव टक्का, मग महागाई भत्ता का वाढवला’ हा सवाल विचारणाऱ्यानं पहिला आकडा घेऊन तिसऱ्याचा जाब मागितलेला असतो.

जीडीपी, बेरोजगारी आणि अर्थसंकल्पातली वाढ

जीडीपीच्या बातमीत एकच गोष्ट बघा: दर वास्तव, म्हणजे किंमतवाढ वगळून काढलेला, आहे की चालू किमतींचा. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत वास्तव वाढ ८.२ टक्के आणि चालू किमतींनुसार ८.७ टक्के अशी जाहीर झाली. दोन्हींतलं अंतर म्हणजे अर्थव्यवस्थेतली किंमतवाढ, इथे जेमतेम अर्धा टक्का. ८.२ ऐकून छाती फुगते, पण कंपन्यांची विक्री, पगार आणि सरकारचा कर या सगळ्या गोष्टी रुपयांत मोजल्या जातात, आणि रुपयांतली वाढ ८.७ होती. १० ते १२ टक्के चालू-किमती वाढीची सवय असलेल्या करखात्याला आणि कंपन्यांना ती तिमाही मथळ्याइतकी झळाळती का वाटली नाही, याचं उत्तर त्या अर्ध्या टक्क्यात आहे.

बेरोजगारीचंही असंच. जुलै २०२३ ते जून २०२४ या एकाच वर्षाचा, एकाच पाहणीतला दर ३.२ टक्केही आहे आणि ४.९ टक्केही. पहिला ‘नेहमीच्या स्थिती’चा, म्हणजे वर्षभराचा विचार करून, दुसरा ‘चालू साप्ताहिक स्थिती’चा, ज्यात मागच्या सात दिवसांत निदान एक तास काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो. एप्रिल २०२५ पासून दर महिन्याला येणारा आकडा या दुसऱ्या जातीचा आहे. तो जुन्या वार्षिक ३.२ शेजारी ठेवून ‘बेरोजगारी वाढली’ म्हणणं चूक, आणि दर महिन्याच्या आकड्याला ३.२ नं झाकणंही चूक.

अर्थसंकल्पात मात्र थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त हातचलाखी तिथे चालते, आणि ती कायदेशीर आहे. प्रत्येक खर्चापुढे चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अर्थसंकल्पी अंदाज. तुलना कशाशी करायची ते बोलणारा ठरवतो.

जलजीवन मिशन घ्या. २०२४-२५ साठी अर्थसंकल्पी अंदाज ७०,१६३ कोटी. वर्ष सरताना सुधारित अंदाज २२,६९४ कोटी, म्हणजे तरतुदीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. २०२५-२६ साठी तरतूद ६७,००० कोटी. आता ‘पाणी योजनेची तरतूद जवळपास तिप्पट’ हा मथळाही खरा आणि ‘पाणी योजनेला साडेचार टक्के कात्री’ हाही खरा. केंद्राच्या भांडवली खर्चाचंही तेच, जरा सौम्य प्रमाणात: ११.११ लाख कोटी ठरवले, सुधारित १०.१८ आले, पुढच्या वर्षी ११.२१ मांडले. सुधारिताशी तुलना केली तर १० टक्के वाढ, मूळ अंदाजाशी केली तर एक टक्काही नाही.

माझं मत विचाराल तर ‘वाढ’ हा शब्द बाजूला ठेवून आधी मूळ आणि सुधारित यांतलं अंतर बघावं. ते अंतर मोठं असेल तर पैसे नव्हते असं दर वेळी नसतं. बऱ्याचदा राज्यांनी आपला हिस्सा घातलेला नसतो, आधीच्या हप्त्याची उपयोगिता प्रमाणपत्रं आलेली नसतात, किंवा निविदाच निघालेली नसते. पुढच्या वर्षीची तरतूद कितीही मोठी असो, हा अडथळा तसाच असेल तर पुढचा सुधारित अंदाजही तसाच येईल.

‘एवढ्या लाख कोटींची योजना’ ऐकलं की किती वर्षांत, आणि केंद्र-राज्य मिळून की एकट्या केंद्राचे, हे विचारायचं. पाच वर्षांचा एकत्र आकडा मथळ्यात भारदस्त दिसतो.

तत्त्वतः मान्यता

मराठी बातम्यांमधला सगळ्यात गोड शब्दप्रयोग. तत्त्वतः मान्यता म्हणजे फाइल पुढे जायला हरकत नाही. त्यानंतर मंत्रिमंडळाचा निर्णय, मग लागत असेल तर विधेयक, मग दोन्ही सभागृहं, मग राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची सही, मग ‘हा कायदा अमुक तारखेपासून अंमलात येईल’ अशी वेगळी अधिसूचना, मग नियम, मग परिपत्रकं. यातल्या प्रत्येक पायरीवर एक बातमी होते, आणि प्रत्येक बातमी ‘निर्णय झाला’ अशाच सुरात येते.

कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे चार नवे कामगार कायदे, याचं ठसठशीत उदाहरण आहे. वेतन संहिता २०१९ मध्ये संमत झाली, उरलेल्या तीन २०२० मध्ये. ‘नवे कामगार कायदे लागू, हातातला पगार घटणार’ ही बातमी त्यानंतर दर १ एप्रिलच्या तोंडावर पेरली जात होती. प्रत्यक्षात त्या अंमलात आल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. आणि ‘हातातला पगार घटणार’ हेही सरसकट खरं नाही. नियम असा: भत्ते आणि वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात मिळवायचा. महिना ६०,००० मोबदला, त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता २०,००० आणि इतर भत्ते ४०,००० असतील, तर ३०,००० च्या वरचे १०,००० वेतनात येतात आणि वेतन ३०,००० धरलं जातं. ग्रॅच्युइटीचा हिशोब वाढतो, ते कर्मचाऱ्याच्या फायद्याचं. पण पीएफ जर १५,००० च्या वैधानिक मर्यादेवरच कापला जात असेल, म्हणजे पगारचिठ्ठीवर १,८०० रुपये, तर तो १,८०० च राहतो आणि हातातली रक्कम त्यामुळे हलत नाही. पूर्ण मूळ वेतनावर पीएफ कापून घेणाऱ्यांनी मात्र हिशोब मांडावा. तेव्हा बातमी वाचण्याआधी पगारचिठ्ठीवरचा पीएफचा आकडा बघायचा.

आठव्या वेतन आयोगाचंही तसंच. जानेवारी २०२५ मध्ये स्थापनेला मंजुरी, कार्यकक्षा ठरली २८ ऑक्टोबर २०२५ ला, आणि अहवालासाठी मुदत १८ महिने. अहवाल आला म्हणजे पगार वाढला असंही नाही. सातव्याचा अहवाल नोव्हेंबर २०१५ मध्ये आला, केंद्रानं तो जून २०१६ च्या अखेरीस मंजूर केला, आणि महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष नवा पगार सुरू झाला जानेवारी २०१९ पासून. मधल्या काळात समाजमाध्यमांवर फिरणारे फिटमेंट फॅक्टरचे, म्हणजे जुन्या मूळ वेतनाला ज्या आकड्यानं गुणून नवं काढतात त्याचे, तक्ते निव्वळ अंदाज असतात. त्यांच्या भरवशावर घरकर्जाचा आकडा ठरवू नका.

कागद वाचायचा तर कुठला? केंद्राचा असेल तर ई-गॅझेटमध्ये असतो: संमत झालेला कायदा भाग दोन खंड एकमध्ये, नियम आणि अधिसूचना भाग दोन खंड तीनमध्ये. पत्र सूचना कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक उपयोगी, पण त्याला कायद्याचं बळ नाही. राज्याचा असेल तर शासन निर्णय संकेतस्थळावर असतो आणि प्रत्येकावर संकेतांक छापलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या शासन निर्णयाचा संकेतांक तिथे टाकून तो सापडतो का, एवढी तपासणी केली तरी बहुतेक बनावट कागद गळून पडतात. मग विषयाची ओळ वाचा. ‘प्रशासकीय मान्यता देण्याबाबत’ म्हणजे खर्चाला परवानगी मिळाली, पैसे नव्हे. ‘निधी वितरित करण्याबाबत’ म्हणजे पैसे सुटले. दोन्हींमध्ये कित्येक महिने जाऊ शकतात. अनुदानाची वाट पाहणाऱ्या माणसाला पहिला कागद दाखवून पेढे वाटले जातात, आणि त्याला हवा असतो दुसरा.

कांद्याचे दोन कागद

मे २०२४ मध्ये ‘कांदा निर्यात खुली’ अशी बातमी आली. बंदी डिसेंबर २०२३ मध्ये घातलेली, ती ४ मे २०२४ ला उठली, हे खरं. पण त्या अधिसूचनेत टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत होती, आणि अर्थ मंत्रालयाच्या दुसऱ्या कागदानं ४० टक्के निर्यात शुल्क लावलेलं होतं. ५५० वर ४० टक्के म्हणजे २२०. टनामागे ७७० डॉलरच्या खाली माल बाहेर जाऊच शकत नव्हता. त्या वेळी जगाच्या बाजारात कुणी यापेक्षा स्वस्त विकत असेल, तर आपला दरवाजा उघडा असून नसल्यासारखा.

बंदी, परवाना आणि किमान किंमत हे विदेश व्यापार महासंचालनालयाचं काम. शुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचं. त्यामुळे निर्यातीची बातमी नेहमी दोन दारांवर जाऊन तपासावी लागते. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान किंमत गेली आणि शुल्क ४० वरून २० वर आलं. ते २० टक्केही काढल्याची घोषणा २२ मार्च २०२५ ला झाली, पण लागू १ एप्रिलपासून. मधल्या नऊ-दहा दिवसांत ‘शुल्क हटलं’ ऐकून सौदा करणाऱ्याच्या मालाला २० टक्के लागूच होते.

अशा कागदात शेवटचा परिच्छेद आधी वाचावा. वाटेतल्या मालाचं काय, ते तिथे लिहिलेलं असतं. डिसेंबर २०२३ च्या बंदीत, अधिसूचना निघण्याआधी जहाजावर चढवायला सुरुवात झालेल्या मालाला सूट होती. ट्रकमध्ये बंदराच्या वाटेवर असलेल्या मालाला त्या ओळीचा काही उपयोग नव्हता.

हमीभावाच्या बातमीलाही हीच नजर लावा. २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. हा भाव व्यापाऱ्यावर बंधनकारक नाही; तो खरेदी केंद्रावरचा भाव आहे. केंद्र सुरू आहे का, नोंदणीची मुदत किती, ओलाव्याची मर्यादा किती टक्के धरली आहे आणि एकरी किती क्विंटल घेणार, या चार गोष्टींची खात्री झाल्याशिवाय तो ५,३२८ कागदावरच राहतो. सोयाबीनला ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के. पावसाळा लांबला की माल १५-१६ वर असतो आणि केंद्रावरून परत येतो.

खिशापर्यंत येताना आकडा लहान होतो

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. २८ चे १८ झाले, तेव्हा ‘दहा टक्के स्वस्त’ असं पुष्कळांनी धरलं. कर लावण्याआधी ३०,००० चा एसी घ्या. २८ टक्क्यांनी तो ३८,४००, १८ टक्क्यांनी ३५,४००. वाचले ३,०००, आणि ते आधीच्या किमतीच्या ७.८ टक्के होतात. कारण टक्के मूळ किमतीवर लागतात आणि आपण तुलना करतो कर धरून आलेल्या किमतीशी. १२ चे ५ झाले तिथे घट सव्वासहा टक्के, १८ चे ५ झाले तिथे ११. दुकानदारानं यापेक्षा कमी उतरवलं तर विचारा. पण दहा टक्क्यांसाठी भांडू नका.

‘शून्य’ झालं तिथे आणखी एक गाठ असते. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्यावरचा १८ टक्के कर गेला, पण ती करमाफी आहे. माफी असली की विक्रेत्याला स्वतःच्या खर्चावर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. जाहिरात, संगणकप्रणाली, कार्यालयाचं भाडं यांवर भरलेला कर आता विमा कंपनीच्या खर्चात मिसळतो. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी कराची ओळ शून्य दिसली तरी मूळ हप्ता गेल्या वर्षीइतकाच आहे का, ते जुनी पावती शेजारी ठेवून बघायचं.

जीएसटी परिषदेचा कागदही पायऱ्यांनीच येतो. परिषद शिफारस करते. २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती बंधनकारक नसल्याचं सांगितलंय. कर बदलतो अधिसूचनेनं. ३ सप्टेंबरला शिफारस, १७ ला केंद्राची अधिसूचना, २२ पासून अंमल, आणि राज्यानं आपल्या हिश्शाच्या करासाठी काढलेली अधिसूचना वेगळी.

आता व्याजदर. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं अल्प मुदतीचं कर्ज देते तो, फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० वरून उतरायला लागला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. सव्वा टक्का. हप्ता उतरला का? ते कर्जाच्या जातीवर आहे. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं तरत्या दराचं घरकर्ज बाह्य मानकाला, म्हणजे बँकेबाहेर ठरणाऱ्या दराला, बहुधा रेपोला, जोडलेलं असतं आणि दर तीन महिन्यांत निदान एकदा बदलावंच लागतं. त्याआधीचं एमसीएलआरवरचं, म्हणजे बँकेनं स्वतःच्या निधीखर्चावरून ठरवलेल्या दरावरचं, कर्ज सहा महिन्यांनी किंवा वर्षानं बदलतं, आणि एमसीएलआर रेपोच्या मागून सावकाश चालतो. गृहवित्त कंपनीचं कर्ज तिच्या स्वतःच्या आधार दरावर असतं. तिथे रेपो उतरला म्हणून दर उतरवायची सक्ती नाही.

३० लाख, २० वर्षं, रेपो अधिक दोन टक्के असं कर्ज धरू. साडेआठ टक्क्यांनी हप्ता २६,०३५. सव्वासात टक्क्यांनी २३,७११. महिन्याला २,३२४ वाचले. हप्ता तोच ठेवला तर २४० ऐवजी सुमारे १९८ हप्त्यांत कर्ज फिटतं, आणि हप्ता कमी करून घेण्याच्या तुलनेत एकूण साधारण ५ लाख ४० हजार रुपये कमी भरावे लागतात. दर बदलताना हप्ता आणि मुदत यांतला पर्याय कर्जदाराला द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा आदेश आहे. बँकेनं परस्पर काय केलं ते कर्जखात्याच्या उताऱ्यात ‘उरलेले हप्ते’ या ओळीत दिसतं. दर वाढताना मुदत लांबलेली असते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

उताऱ्यातच आणखी एक गोष्ट शोधा: रेपोवरचा फरक, म्हणजे स्प्रेड. नव्या गिऱ्हाइकाला जाहिरातीत दिसणारा कमी दर बहुतेक वेळा कमी स्प्रेडमुळे असतो. रेपो सगळ्यांना एकच. आपला स्प्रेड जास्त असेल तर अर्ज करून, ठरलेलं शुल्क भरून तो उतरवून मागता येतो. शुल्क किती महिन्यांत वसूल होतं, तेवढा भागाकार करायचा. वैयक्तिक तरत्या दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे कर्ज दुसरीकडे हलवण्याचा इशारा नुसता पोकळ नसतो.

‘१२ लाखांपर्यंत करमुक्त’बद्दल थोडक्यात, कारण यावर फार शाई वाया गेलीय. नव्या करप्रणालीत पहिले ४ लाखच खऱ्या अर्थानं करमुक्त आहेत. १२ लाखांपर्यंतचा ६०,००० पर्यंतचा कर रिबेटनं, म्हणजे निघालेल्या करातून मिळणाऱ्या सुटीनं, शून्य होतो, आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळून ही रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. १३ लाख करपात्र उत्पन्नावर ‘वरच्या एक लाखाचाच कर’ लागत नाही. ४ लाखांपासून टप्प्याटप्प्यानं ७५,००० आणि उपकर धरून ७८,००० लागतो. रेषेच्या जरा वर असणाऱ्याला सीमांत दिलासा असतो: १२ लाख १० हजारांवर कर १०,००० पेक्षा जास्त होत नाही, उपकर वेगळा. खड्डा आहे तो शेअरमधल्या नफ्यात. पगाराचे करपात्र ९ लाख आणि शेअर वर्षाच्या आत विकून २ लाख नफा, एकूण ११ लाख, म्हणून कर शून्य असं समजून बसलेल्याला त्या २ लाखांवर २० टक्के, म्हणजे उपकरासह ४१,६०० भरावे लागतात. रिबेट त्या करावर चालत नाही.

अल्पबचतीचे दर अर्थ मंत्रालय दर तिमाहीला ठरवतं. म्हणून ३१ मार्च, ३० जून, ३० सप्टेंबर आणि ३१ डिसेंबर या तारखा लक्षात ठेवायच्या. पण सगळ्या योजनांवर परिणाम सारखा नसतो. पीपीएफ आणि सुकन्येत नवा दर आधीच्या शिलकीवरही लागतो. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र आणि ज्येष्ठ नागरिक योजनेत खातं उघडलं त्या दिवशीचा दर मुदतभर तसाच राहतो. त्यामुळे दर उतरण्याची कुणकुण असली की दुसऱ्या जातीच्या योजनेत तिमाही संपण्याआधी पैसे टाकण्यात अर्थ असतो, पहिल्या जातीत ती घाई फुकट. आणि ३१ मार्च २०२१ ला पीपीएफ ७.१ वरून ६.४ टक्के केल्याचा आदेश निघाला होता, तो १ एप्रिलच्या सकाळी ‘नजरचुकीनं निघाला’ म्हणून मागे घेतला गेला. त्या रात्री कागद अगदी शेवटच्या पायरीवर पोहोचलेला होता.